बनवाबनवी, बडोदा आणि आमची भाड्याची खोली

दरवर्षी २३ सप्टेंबरला आमच्या मोबाइलवर सकाळपासून दोन प्रकारचे मेसेज येतात. चळवळीच्या ग्रुपवर संकल्प दिनाचे. १९१७ साली याच दिवशी बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली बाबासाहेब बसले होते. भाड्याच्या जागेतून हाकलून दिलेले, डोळ्यांत पाणी आलेले. तिथे त्यांनी आपल्या माणसांसाठी जगण्याचा संकल्प केला. दुसरे मेसेज कॉलेजच्या आणि गल्लीतल्या ग्रुपवर येतात. 'अशी ही बनवाबनवी' हा सिनेमा १९८८ साली याच तारखेला लागला होता. त्यामुळे त्या दिवशी धनंजय मानेंचे फोटो, पार्वतीचा लाजरा चेहरा आणि सरपोतदारांच्या भांडणाचे तुकडे फिरत राहतात.

आम्ही दोन्ही मेसेज पुढे पाठवतो. सिनेमा पाठ आहे आणि बडोदाही पाठ आहे. पण गेली कित्येक वर्षं दोन्ही एकाच तारखेला येत असूनही एक साधी गोष्ट आमच्या लक्षात आली नव्हती. दोन्ही गोष्टी एकच आहेत. भाड्याने जागा हवी आहे, खऱ्या ओळखीवर ती मिळत नाही, म्हणून सोंग घेतलं जातं आणि एक दिवस सोंग उघडं पडतं. फरक एवढाच की एका गोष्टीवर अख्खा महाराष्ट्र पोट धरून हसतो, आणि दुसरी अख्ख्या महाराष्ट्राला माहीतही नाही.

हे लक्षात यायला आम्हाला स्वतः घर शोधत फिरावं लागलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचं आडनाव कांबळे. कोल्हापुरात हे आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. माने, जाधव, पवार, शिंदे म्हटलं की लोक हळूच विचारतात, "कुठले माने?" कारण माने मराठ्यांत आहेत, मातंगांत आहेत, आपल्यातही आहेत. 'उपरा' लिहिणारे लक्ष्मण माने कैकाडी समाजातले. पण कांबळे म्हटलं की चौकशी तिथेच संपते. समोरच्याचा चेहरा बदलत नाही. कोल्हापूरची माणसं तोंडावर वाईट बोलत नाहीत. फक्त आवाज एकदम गोड होतो. "बघतो की. घरात विचारून कळवतो." त्यानंतर फोन येत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं नवराबायको आणि आमची लहानगी अशा तिघांसाठी दोन खोल्या शोधत होतो. आईचं घर वस्तीत आहे, दहा बाय बाराची खोली आणि पुढे पडवी. तिथे पाच माणसं झाली होती. आम्ही दोघंही कमावते, शिकलेले. डिपॉझिट रोख द्यायला तयार. सात घरं बघितली. एका ठिकाणी बाई म्हणाल्या, "आम्हाला शाकाहारीच पाहिजेत." दिवस रविवारचा होता. त्यांच्याच स्वयंपाकघरातून पांढऱ्या रश्श्याचा वास येत होता. ज्या गावात जावयाला तांबडा-पांढरा वाढला नाही तर रुसवा धरतात, त्या गावात शाकाहारी भाडेकरू शोधायचा म्हणजे खरा विनोद हाच. पण तेव्हा आम्हाला हसू आलं नाही.

शेवटी एजंटाने आम्हाला गाडीवर बसवून चहाच्या टपरीवर नेलं. माणूस वाईट नव्हता. त्याचाही धंदा अडत होता. तो म्हणाला, "दादा, एवढं शिकलाय, आडनाव कशाला सांगताय? स्वतःचं नाव सांगा, वडलांचं सांगा, थांबा. कागद माझ्याकडं. आणि ते फोटो पहिल्या महिन्यात लावू नका. मग काय लावायचं ते लावा की."

आम्ही काय केलं ते आजवर कुठे लिहिलं नाही, आज लिहितो. आम्ही ऐकलं. व्याख्यानांमध्ये स्वाभिमानावर तासतासभर बोलणारे आम्ही, आडनाव गिळून आत गेलो. बाबासाहेबांचा फोटो आईकडे ठेवला. बुद्धाची मूर्ती मात्र नेली, कारण बुद्ध हल्ली सगळ्यांना चालतो. घरमालकीण काकू पहिल्याच आठवड्यात चहाला आल्या आणि म्हणाल्या, "किती शांत वाटतंय. छान शोपीस आहे. कुठून आणलात?" आम्ही हसलो. आमचा शास्ता त्यांच्या दृष्टीने शोपीस होता आणि आम्ही "महाद्वार रोडवरनं" म्हणून मोकळे झालो.

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही गॉफमन वाचला होता. 'स्टिग्मा' नावाचं त्याचं १९६३चं पुस्तक आहे. समाजाने कलंक मानलेली ओळख लपवून माणसं कशी वावरतात, ते त्यात मांडलंय. परीक्षेत त्यावर पान दीड पान लिहिलं होतं. पण पुस्तकाने हे नव्हतं सांगितलं की चार वर्षांच्या मुलीला "आजीच्या घरातला तो फोटो इथे का नाही?" या प्रश्नावर काय उत्तर द्यायचं.

आठ महिने असे गेले. मग एप्रिल आला. १४ तारखेला आम्ही फोटो आणला, हार घातला, दारात पंचशील ध्वज लावला, मेणबत्त्या लावल्या. काकू आल्या, दारातूनच बघितलं, "जयंती का? छान, छान" म्हणाल्या आणि परत गेल्या. आवाज एकदम गोड झाला होता. पंधरा दिवसांनी काकांनी सांगितलं की त्यांचा पुतण्या पुण्याहून राहायला येतोय, तेव्हा करार पुढे वाढवता येणार नाही. अकरा महिने पूर्ण झाले आणि आम्ही सामान टेम्पोत घातलं. पुतण्या काही आला नाही. खोली नंतर तीन महिने रिकामीच होती.

सामान आईच्या पडवीत पडलेलं होतं. त्याच आठवड्यात एका रविवारी टीव्हीवर 'बनवाबनवी' लागला. आमच्या घरात तो लागला की चॅनेल बदलायची कुणाची टाप नसते. आई, आम्ही, शेजारची पोरं, सगळे बसलो. लीलाबाई काळभोरांना विवाहित भाडेकरूच हवेत, म्हणून सुधीरची सुधा आणि परश्याची पार्वती होते. आम्ही नेहमीसारखे हसलो. आईही हसली. पदराने डोळे पुसत ती म्हणाली, "त्यांचं बरं हाय बाबा. लुगडं नेसलं की भागलं. आपून काय नेसायचं?"

पोरं हसली. आम्हाला हसता आलं नाही. एम.ए.ला असताना कुठल्याही प्राध्यापकाने एवढ्या कमी शब्दांत जात समजावून सांगितली नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. विनोदी सिनेमा ठोकळेबाज माणसं वापरतो. चिक्कू पुणेरी घरमालक, आचरट गावरान पोरगा, साडीतली सुशील सून, व्याजावर जगणारा मारवाडी, अय्यो म्हणणारा दक्षिणी, मालवणीत बोलणारा गडी. पुरोगामी माणसं याला सरसकट नाकं मुरडतात. आम्ही मुरडत नाही. ठोकळा वापरला म्हणजे लगेच अपमान झाला असं होत नाही. तो ठोकळा कुणाच्या डोक्यात आपटतो, ते बघावं लागतं.

'बनवाबनवी'चंच बघा. एकटा पुरुष म्हणजे धोकेबाज आणि जोडपं म्हणजे सभ्य, असा समाजाचा एक पक्का समज आहे. सिनेमा त्या समजाला विरोध करत नाही. उलट त्याला इतका ताणतो की तो फाटतो. दाढीमिशा काढलेले दोन बाप्ये लुगड्यात बसले आहेत आणि ते सभ्य ठरतात. तेच दोघे पँट-शर्टात असते तर दारातूनच परत गेले असते. बघणारा हसतो तो लक्ष्मीकांत बेर्डेंच्या साडीला हसतो हे खरंच, पण त्याच वेळी तो त्या अटीलाही हसत असतो. सिनेमा संपतो तेव्हा चार बेघर पोरांबद्दल त्याच्या मनात माया असते. ही विनोदाची ताकद आहे. भाषणाने हे झालं नसतं. १९६६च्या हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'वरून ही गोष्ट घेतलेली आहे. पण वसंत सबनीसांच्या संवादांनी आणि अशोक सराफांच्या टायमिंगने ती अशी काही मराठी केली की आजही गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा धनंजय मानेंचा पत्ता विचारतं.

पण या चित्रपटात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. सरपोतदार विचारत नाहीत, लीलाबाई विचारत नाहीत. "कुठले माने?" १९८८चं पुणं, भाड्याची खोली, आणि जातीची चौकशी नाही. लग्न झालंय का विचारतात, जात विचारत नाहीत. कुणाला यात समतेचं स्वप्न दिसेल. आम्हाला दिसत नाही. कारण जी अट पडद्यावर येतच नाही, तिला हसता येत नाही. आणि ज्या अटीला समाज कधी हसला नाही, ती अट गंभीर, पवित्र, नैसर्गिक होऊन बसते. आमच्या त्या काकूंनाही 'बनवाबनवी' आवडत असणारच. महाराष्ट्रात कुणाला आवडत नाही? त्या लीलाबाईंना खळखळून हसल्या असतील आणि त्याच संध्याकाळी एजंटाला "कांबळे नकोत" म्हणून सांगताना त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नसेल. सिनेमाने त्यांना एकट्या पोरांचा फरक स्वीकारायला शिकवलं. आमच्यापर्यंत तो धडा पोचलाच नाही.

आता बडोदा आठवा. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग सविस्तर लिहिलाय. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस बडोदा संस्थानात नोकरीला रुजू व्हायला येतो. राहायला जागा नाही. एक पारशी धर्मशाळा आहे, पण तिथे फक्त पारशी राहू शकतात. राखणदार आणि ते मिळून तोड काढतात. नोंदवहीत पारशी नाव लिहायचं. रोजचं भाडं दीड रुपया. दहा दिवस निभावतं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी येतात आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगतात. दोन मित्रांकडे विचारून बघितलं. एकाचे नोकर निघून जाणार होते, दुसऱ्याला बायकोला विचारायचं होतं. म्हणजे तेव्हाही "घरात विचारून कळवतो" हेच होतं. मग कामाठी बागेत जाऊन बसणं आणि रात्रीच्या गाडीने मुंबई.

नाव बदलणं, राखणदाराशी संगनमत, सोंग उघडं पडण्याची धास्ती, अचानक दार ठोठावणं. विनोदी नाटकाचा सगळा मसाला यात आहे. तरी हे वाचून कुणी हसत नाही. का? 'बनवाबनवी'तल्या पोरांनी साडी फेडली की खाली जे उरतं, ते समाजाला आधीपासून मान्य असतं. चांगल्या घरातली, होतकरू, लग्नाच्या बाजारात चालणारी पोरं. त्यांची फसवणूक माफ होते, कारण मुळात ती आपलीच असतात. बाबासाहेबांचं पारशी नाव बाजूला केल्यावर खाली जे निघालं, ते कुणालाच मान्य नव्हतं. पदव्या मान्य नव्हत्या, संस्थानची नोकरी मान्य नव्हती. म्हणजे सोंगाचा विनोद होतो की शोकांतिका, हे सोंग कसं घेतलंय यावर ठरत नाही. सोंगाखाली कोण आहे यावर ठरतं.

मराठी सिनेमात आणखी एक परश्या आहे. नागराज मंजुळेंच्या 'सैराट'मधला, २०१६चा. पहिला अर्धा सिनेमा आपण त्याच्या लंगड्या नि सल्या या दोस्तांबरोबर हसत असतो. ते ठोकळेच आहेत, नायकाचे विनोदी मित्र. मंजुळे आपल्याला हसवून हसवून त्या पोरांचं करून टाकतात आणि मग हात सोडतात. त्या परश्यालाही परक्या शहरात भाड्याची खोली शोधावी लागते. १९८८च्या परश्याचं सोंग उघडं पडलं तेव्हा सगळं गोड झालं. २०१६च्या परश्याने सोंगच घेतलं नव्हतं. त्याच्या घरी पाहुणे आले, आर्चीने त्यांना चहा केला, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

आम्हाला कुणी म्हणेल, तुम्ही चळवळवाले विनोदालाही सोडत नाही. विनोद विनोदासारखा घ्या. आमचं उत्तर असं की विनोद आम्ही कधीच सोडला नव्हता. तो आमचाच होता. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिलं. शकुनाच्या नावाने कुणब्याच्या गरोदर बायकोला लुबाडणारा जोशी त्यात आहे, आणि मध्ये मध्ये तोंड घालून त्याची सालटी काढणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीला ते नाटक पसंत पडलं नाही, यात नवल नाही. तमाशात राजाची नि पाटलाची टिंगल करणारा सोंगाड्या, गवळणीतली पुरुषाने केलेली मावशी, ही कला जगवली कुणी? महार, मांग, कोल्हाटी घरांतल्या माणसांनी. पडद्यावरचा साडीतला पुरुष त्या मावशीचाच वारसदार आहे. अण्णा भाऊंनी 'अकलेची गोष्ट' लिहिली तेव्हा लोक हसत हसत शहाणे झाले. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्या आंबेडकरी जलसाकारांनी तमाशाची चौकट घेतली, त्यातली कृष्ण-गवळण काढली आणि तिथे सवाल-जवाब घातले. भटजी, सावकार, पाटील हे त्यांचेही ठोकळेच होते. पण हसण्याचं तोंड खालून वर होतं. ज्याच्या हातात दार उघडायची सत्ता आहे, तो हास्यास्पद व्हायचा. दाराबाहेर उभा असलेला नाही.

आमच्या कोल्हापूरलाही ही परंपरा आहे. मास्टर विनायकांनी आणि आचार्य अत्र्यांनी १९३८ साली इथल्याच हंस पिक्चर्ससाठी 'ब्रह्मचारी' केला आणि तेव्हा मोठा आदर्श मानल्या जाणाऱ्या ब्रह्मचर्याच्या व्रताची सगळ्यांदेखत फजिती केली. पुढे मात्र कोल्हापूर स्वतःच एक ठोकळा झालं. टीव्हीवर, सिनेमात कोल्हापूरचा माणूस म्हणजे पैलवान, भाबडा किंवा तापट, तोंडात शिवी नि ताटात मटण. पायात करकर वाजणारं कोल्हापुरी पायताण असतंच. ते पायताण शिवणारा ढोर-चांभार समाजातला माणूस मात्र चौकटीत कुठेच नसतो. २०१९ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ला प्राडाने तसल्याच चपला मिलानच्या मंचावर फिरवल्या तेव्हा गावाचा अभिमान दुखावला. पण गावाच्या विनोदात तो कारागीर अजूनही नाही. ठोकळा असाच असतो. तो जेवढं दाखवतो, त्याहून जास्त झाकतो.

आता एका सिनेमाबद्दल, ज्याने आम्हाला थोडी आशा दिली. २०२३चा 'आत्मपॅम्फ्लेट'. आशिष बेंडे यांचं दिग्दर्शन, परेश मोकाशींचं लेखन. बर्लिनच्या महोत्सवात आधी दाखवला गेला आणि मग आपल्याकडे लागला. नायक पोराला दिग्दर्शकाचंच नाव आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातली मुंबई, शाळा, आणि वर्गातल्या ब्राह्मण मुलीवरचं प्रेम. सोबत वेगवेगळ्या जातीधर्मांचं टोळकं. निवेदक देशाचा इतिहास आणि पोराची प्रेमकथा एकाच गंभीर आवाजात सांगतो, म्हणून हसू येतं. इथे जात झाकलेली नाही. ती पोरांच्या गप्पांत आहे, मोठ्यांच्या कुजबुजीत आहे. आणि हास्यास्पद ठरतं ते पोरगं नाही. पोरांना एकमेकांपासून मोजून वेगळं काढणारं मोठ्यांचं डोकं हास्यास्पद ठरतं.

हा सिनेमा आम्ही वस्तीतल्या अभ्यासवर्गात पोरांना दाखवला. विहाराच्या भिंतीवर चादर लावून. पोरं भरपूर हसली. नंतर चर्चेत बारावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, जातीवर असं हसता येतं हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं, जात म्हटलं की एक तर रडायचं, नाहीतर भांडायचं." त्याच्या शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "लहानपणी सगळेच दोस्त असतात. लग्नाच्या वेळी नि खोली भाड्याने घेताना कळतं कोण कुठला ते. त्याच्यावर काढा म्हणावं पिक्चर." दोघांचंही बरोबर आहे. आम्ही फळ्यावर दोन्ही वाक्यं लिहून ठेवली.

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली, ती लपवणार नाही. सिनेमा सुरू व्हायच्या आधी वस्तीतून यल्लमाचा एक जोगता जात होता. साडीत, कपाळाला भंडारा. आमच्याच पोरांनी मागून 'ए पार्वती' म्हणून हाक मारली आणि हशा पिकवला. 'बनवाबनवी'चा हाही वारसा आहे. सिनेमात साडी सोंग होती, फेडता येत होती. त्या माणसाची साडी सोंग नाही. आमच्या वस्तीच्या दारात आम्हीच सरपोतदार झालो होतो. त्या रात्री आम्ही पोरांना फार बोललो नाही. फक्त विचारलं, की आपल्याला कुणी मागून हाक मारतं तेव्हा कुठली हाक असते? कुणी उत्तर दिलं नाही. दिलं नाही हेच बरं.

विनोदाने फरक स्वीकारायला शिकवावं, असं आपण म्हणतो. पण कुणी कुणाला स्वीकारायचं? दार ज्याचं आहे तो स्वीकारणार आणि बाहेरच्याने तोवर विनोदी होऊन उभं राहायचं, हे आम्हाला मान्य नाही. आमच्या मते या बाबतीतला सगळ्यात चांगला विनोदी प्रसंग सिनेमात नाही. तो कोल्हापूरच्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी घडला. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. शाहू महाराजांनी त्यांना भांडवल देऊन भर शहरात चहाचं हॉटेल काढून दिलं. अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? मग महाराजच गाडी घेऊन येऊ लागले. रस्त्यात गाडी थांबवून मोठ्याने चहा मागवायचे. स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या बड्या बड्या मंडळींना द्यायचे. छत्रपतींच्या हातून आलेला कप नाही कसा म्हणणार? त्या सरदारांचे, कारभाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, डोळ्यांपुढे आणा. सगळी गंमत त्या चेहऱ्यांत आहे. गंगाराम कांबळ्यांनी नाव बदललं नाही. त्यांना कुणी साडी नेसवली नाही. सोंग पडलं ते कप हातात धरून घाम पुसणाऱ्यांचं.

यंदा आम्ही पुन्हा खोली शोधायला लागलो. तोच एजंट. या वेळी त्याला आधीच सांगितलं, आडनाव पहिलं सांगायचं. त्याने कपाळावर हात मारला, पण आला. एका घरी बाहेरच्या खोलीत बसलो. मालक निवृत्त गृहस्थ, बोलायला अगदी चांगले. आम्ही नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी सवयीने विचारलं, "कांबळे म्हणजे... कुठले कांबळे?"

"शाहू महाराज ज्यांच्या हॉटेलात चहा प्यायचे, त्या कांबळ्यांतले," आम्ही म्हणालो. नातं नाही काही. पण खोटंही नाही.

ते एक क्षण गप्प झाले. समोर महाराजांचा भला मोठा फोटो लावलेला होता, हार घातलेला. त्यांनी त्या फोटोकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग आतल्या दिशेने म्हणाले, "अगं, चहा टाक." चहा आला. आम्ही घेतला, त्यांनी घेतला. उठताना म्हणाले, "घरात विचारून कळवतो."

अजून कळवलेलं नाही. आम्ही आईच्या पडवीतच आहोत. पण त्या दिवशी जिना उतरताना एजंट गाडीला किल्ली लावता लावता थांबला आणि असा हसायला लागला की त्याला गाडी सुरू करता येईना. "काय तोंड झालं हुतं वो त्यांचं," तो म्हणाला. आम्हीही हसलो. खोली न मिळता हसत परत आलो, असं पहिल्यांदाच झालं. कारण या वेळी हसं आमचं झालं नव्हतं.

पुढच्या २३ सप्टेंबरला दोन्ही मेसेज येतील. आम्ही दोन्ही पुढे पाठवू, फक्त एकाच ग्रुपवर, एकाखाली एक. वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचावेत. आणि ज्यांच्या घराची खोली रिकामी आहे, त्यांनी एकदा आरशात बघून विचारावं, कुठले माने, कुठले कांबळे? हसू आलं तर दार उघडावं.

नमो बुद्धाय. जयभीम.